टोपी कधी उचलायची, पगडी कुठे ठेवायची: एकोणिसाव्या शतकातले प्रसंग उभे करणाऱ्यांसाठी

नाटक, मालिका, लघुपट किंवा शाळेतला ऐतिहासिक प्रवेश, काहीही असो, एकोणिसाव्या शतकातली माणसे उभी करताना कपड्यांवर भरपूर मेहनत घेतली जाते. मग साहेब दिवाणखान्यात शिरतो, उंच टोपी टेबलावर ठेवून देतो, आणि प्रसंग तिथेच खोटा पडतो. दुसऱ्या प्रवेशात पुण्याचे वकील कलेक्टरसमोर अदबीने पगडी काढतात. हे तर त्याहून वाईट, कारण त्या काळच्या माणसाला याचा अर्थ एकतर 'पूर्ण शरणागती' असा लागला असता, नाहीतर 'घरात कोणी गेले' असा.

सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच फरक आहे. इंग्रजाच्या रीतीत मान द्यायचा म्हणजे डोके उघडे करायचे. पायांतले बूट पायांतच राहतात. आपल्या रीतीत मान द्यायचा म्हणजे पाय उघडे करायचे. डोक्यावरचे डोक्यावरच राहते. नटांना पहिल्याच दिवशी हे नीट सांगितले तर पुढची निम्मी शिकवणी आपोआप होते.

आधी साल, मग माणूस, मग टोपी

'व्हिक्टोरियन टोपी' नावाची एकच वस्तू नाही. राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. मधल्या चौसष्ट वर्षांत टोपीची उंची, कडा आणि कापड बदलत गेले.

शतकाच्या सुरुवातीला उंच टोपी बीव्हर या प्राण्याच्या लोकरीच्या नमद्याची, म्हणजे लोकर न विणता दाबून केलेल्या जाड कापडाची, असे. १८३०-४०च्या दशकांत तिची जागा रेशमी प्लशने घेतली. प्लश म्हणजे लांब लव असलेले, मखमलीपेक्षा चकाकणारे कापड. १८५०च्या सुमाराला राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट रेशमी टोपी वापरू लागले आणि तिची प्रतिष्ठा पक्की झाली. १८२०च्या आसपासच्या टोपीच्या बाजू वर जाताना बाहेर फाकतात. १८४०-५०च्या दशकांत त्या जवळजवळ सरळ उभ्या असतात आणि टोपी सर्वांत उंच, सुमारे ७ ते ८ इंच, असते. शतक संपत येते तशी ती ६ इंचांच्या आसपास उतरते आणि बाजूंना कंबरेसारखा हलका बाक येतो. १८९५ सालच्या प्रसंगात चिमणीसारखी सरळ टोपी दिसली तर जाणकाराला लगेच खटकते.

गोल, कडक बोलर टोपी १८४९ सालची. लंडनच्या सेंट जेम्स भागातल्या लॉक या दुकानाने ती बनवून घेतली, नॉरफोकमधल्या होकम इस्टेटीवरच्या शिकाररक्षकांसाठी. झाडाच्या फांद्यांना अडकून उंच टोपी पडे, म्हणून ठेंगणी आणि टणक टोपी हवी होती. पुढे ती कारकून, व्यापारी, मध्यमवर्गीयांकडे आली. त्यामुळे १८४० सालच्या प्रवेशात बोलर नको, आणि १८६०च्या प्रवेशात लॉर्ड औपचारिक भेटीला बोलर घालून जाणार नाही. गवताची सपाट टोपी शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतली, उन्हाळ्याची आणि नदीकाठची. पुढेमागे चोच असलेली शिकारी टोपी फक्त गावाकडची. एका प्रसिद्ध गुप्तहेराच्या चित्रांमुळे ती लंडनच्या रस्त्यावर सर्रास दाखवतात. शहरात कोणी गृहस्थ ती घालत नसे.

करड्या किंवा पांढऱ्या रंगाची उंच टोपी दिवसाची: घोड्यांच्या शर्यती, उन्हाळी समारंभ. संध्याकाळी ती दिसता कामा नये. सुतक पाळणाऱ्याच्या टोपीभोवती काळ्या कापडाचा पट्टा असतो. नाते जितके जवळचे तितका पट्टा रुंद. संहितेत पात्राची बायको वारलेली असेल तर संवादाशिवाय एवढ्या पट्ट्याने काम होते.

मुंबई-पुण्याच्या प्रसंगात साहेबाच्या डोक्यावर सोला टोपी येते. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडापासून केलेली ही टोपी फार हलकी असते, वरून कापड ताणलेले. तिचे काम उन्हापासून बचाव एवढेच. म्हणून सूर्यास्तानंतरच्या मेजवानीला सोला टोपी घालून साहेब आला, असे दाखवू नका.

माप

कापडी फीत कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटे आणि कानांच्या किंचित वर ठेवून डोक्याचा घेर घ्या. ५७ सें.मी. म्हणजे इंग्रजी माप ७, ५८ म्हणजे ७⅛, ५९ म्हणजे ७¼. अमेरिकी माप याच घेराला एक अष्टमांशाने मोठे पडते, ऑनलाइन मागवताना हे तपासा. टोपी कडक असल्याने घेर बरोबर असूनही ती बसत नाही असे होते, कारण डोके लांबट की गोल यावर सगळे अवलंबून. पुढे-मागे घट्ट आणि कानांवर सैल वाटली तर डोके टोपीपेक्षा लांबट आहे. आतल्या चामड्याच्या पट्टीमागे दोन्ही बाजूंना फेल्टचे पातळ तुकडे बसवा. पुढे-मागे काही भरू नका. उलट प्रकार असेल तर उलट.

बसवताना टोपी सरळ, पुढची कड भुवयांच्या थोडी वर. मागे कलंडलेली टोपी दारुड्याची किंवा रंगेल माणसाची खूण होती, कानावर झुकवलेली छचोरपणाची. खलपात्राला हे मुद्दाम द्यायचे असेल तर द्या. न्यायाधीशाला चुकून मिळता कामा नये.

रंगमंचापुरती टोपी करताना

अस्सल रेशमी प्लश आता कोणी विणत नाही. जुन्या टोप्या महाग, लहान मापाच्या आणि ठिसूळ. प्रयोगासाठी टोपी करून घेणेच बरे. अस्सल टोपीचा सांगाडा सुती कापडाचे थर चपडा लाखेने कडक करून लाकडी साच्यावर घडवत. ही लाख आपल्याच देशातल्या जंगलांतून विलायतेला जाई. लंडनच्या साहेबाची टोपी ताठ उभी राहायची ती हिंदुस्थानातल्या लाखेच्या जोरावर. आपणही तीच पद्धत सोपी करून वापरू शकतो.

५७ सें.मी. घेरासाठी लागणारे सामान: जाड बकरम (खळ देऊन कडक केलेले विरळ विणीचे कापड) १ मीटर, काळी चपटी मखमल अर्धा मीटर, कडेसाठी ३ मीटर लवचीक तार, २ ते ३ सें.मी. रुंदीची काळी रेशमी फीत दीड मीटर, अस्तर, आणि लाखेचे द्रावण. द्रावणासाठी २०० ग्रॅम चपडा लाख एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये टाकून रात्रभर ठेवा, मधूनमधून ढवळा, सकाळी जुन्या साडीच्या कापडातून गाळा. हे काम उघड्या खिडकीशी करा, जवळ आग नको.

पहिल्यांदा कागदावर २० सें.मी. लांब आणि १६ सें.मी. रुंद लंबवर्तुळ काढा. याचा घेर साधारण ५७ भरतो. हा डोक्याचा आकार. वरच्या झाकणाचे माप याहून किंचित मोठे ठेवले की वर फाकणारी टोपी मिळते, तेवढेच ठेवले की सरळ. उभ्या बाजूसाठी ५९ सें.मी. लांब, १६ सें.मी. उंच पट्टी कापा. त्यातले २ सें.मी. एकावर एक शिवण्यासाठी. उंचीत खाली १ सें.मी. आणि वर १ सें.मी. मुडपण्यासाठी धरले की हाती १४ सें.मी. उंचीची टोपी येते. १८५०ची हवी असेल तर पट्टी २१ सें.मी. उंच कापा. कडेसाठी त्याच लंबवर्तुळाबाहेर सगळीकडून ५ सें.मी. सोडून दुसरी रेघ मारा.

बकरमचे दोन थर एकमेकांवर ठेवा, एकाचे धागे आडवे-उभे आणि दुसऱ्याचे तिरके. दोन्ही थरांचे धागे एकाच दिशेने गेले तर टोपी आठवड्याभरात पिळवटते. लाखेचा पहिला हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. पावसाळ्यात ओल्या हवेमुळे लाखेवर पांढरट साय धरते आणि कडकपणाही कमी येतो. असे झाले तर कोरड्या दिवसापर्यंत थांबा, नाहीतर बंद खोलीत पंख्याखाली ठेवा. घाईत तिसरा हात देऊ नका.

कडेच्या परिघावर तार शिवा आणि मग दोन्ही बाजू दीड सें.मी. वर वळवा, पुढची आणि मागची कड किंचित खाली झुकवा. सपाट कड ठेवली की ती जादूगाराची टोपी होते. खूप जणांचे काम इथेच फसते.

मखमल लावताना लवेची दिशा पाहा. बाजूच्या पट्टीवर लव आडवी, टोपीभोवती फिरणारी हवी, आणि शिवण मागे नाही तर एका बाजूला, फितीच्या गाठीजवळ लपवायची. लवेची दिशा चुकली तर दिव्याखाली टोपी काळी नाही, करडी दिसते. साटीन लावायचा मोह टाळा, त्याच्या सुरकुत्या दुसऱ्या रांगेतूनही दिसतात.

हात कुठे लावायचा

नेहमी कडेला. वरचे टोक चिमटीत धरून उंच टोपी काढणे ही आजकालच्या पडद्यावर दिसणारी सवय. असे महिनाभर केले की अस्सल टोपीचा माथा चिरतो आणि केलेल्या टोपीचा दबतो. पुढच्या कडेला बोटे खाली, अंगठा वर, अशी पकड घ्या.

काढल्यावर टोपीचा आतला भाग स्वतःकडे किंवा मांडीकडे. घामाची पट्टी आणि अस्तर समोरच्याला दाखवायचे नसते. पोकळ बाजू वर करून पुढे धरलेली टोपी भिक्षेची दिसते. हा हावभाव एवढा बोलका आहे की प्रसंगाचा अर्थच फिरतो, त्यामुळे तालमीत याच्यावर लक्ष ठेवा.

रस्त्यावर बाईंना अभिवादन

ही क्रिया चार-पाच सेकंदांची, पण तिला ठरलेला क्रम आहे. इंग्लंडात ओळख द्यायची की नाही हे बाई ठरवतात. गृहस्थ ओळखीचा असला तरी तिने मान हलवल्यावाचून टोपीला हात लावत नाही. फ्रान्स आणि युरोपात इतरत्र पुरुष पहिल्यांदा टोपी काढतो. दृश्य लंडनचे की पॅरिसचे, हे प्रेक्षकाला एवढ्यानेही कळवता येते.

काठी किंवा छत्री आधीच योग्य हातात घ्या. टोपी उचलायची ती बाईंपासून लांबच्या हाताने. ती उजवीकडून जात असेल तर डाव्या हाताने, म्हणजे मध्ये दंडाची भिंत येत नाही आणि चेहरा झाकला जात नाही. तोंडात चिरूट असेल तर तो अगोदर काढायचा. तीन-चार पावलांवर आल्यावर बाई मान लववतात. मग टोपी डोक्यापासून सुटेल एवढीच उचला, मान किंचित झुकवा, नजर तिच्याकडे, आणि ती पुढे गेली की टोपी परत ठेवा. हात फिरवून हवेत मोठी कमान काढायची नाही. ती लकब आधीच्या शतकातल्या मुजऱ्याची.

बाई बोलायला थांबल्या तर त्यांना रस्त्यात उभे ठेवायचे नाही. गृहस्थ वळतो आणि त्यांच्याच दिशेने सोबत चालू लागतो. दिग्दर्शकाला हे सोयीचे पडते, कारण संवाद चालता चालता होतो. त्याच्यासोबत मित्र असेल आणि त्या मित्राने ओळखीच्या बाईंना टोपी उचलली, तर यानेही उचलायची, ओळख नसली तरी.

दोन इंग्रज पुरुष एकमेकांना भेटले तर बहुधा नुसती मान हलते. सोबत बायका असतील, समोरचा वयाने मोठा, पाद्री किंवा फार वरच्या हुद्द्याचा असेल, तरच टोपी उचलली जाते. नोकर, गाडीवान, दुकानातला माणूस टोपी काढत नाही, कडेला बोट लावतो. तालमीत प्रत्येक जोडीला हे वेगळे समजावून सांगा: कोण उचलतो, कोण बोट लावतो, कोण नुसती मान हलवतो. समाजाची सगळी उतरंड या तीन हालचालींत मावते.

दुपारची भेट

'सकाळची भेट' म्हणायचे आणि जायचे दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान, अशी रीत होती. भेट पंधरा-वीस मिनिटांची. नाटककार सर्वांत जास्त हेच दृश्य लिहितात आणि चुकाही सर्वांत जास्त इथेच होतात.

ओव्हरकोट आणि छत्री दारातल्या दालनात ठेवायची. टोपी, काठी आणि हातमोजे मात्र दिवाणखान्यात बरोबर न्यायचे. कारण साधे आहे: टोपी बाहेर ठेवली तर 'मी आता इथे मुक्काम करणार' असे सुचवल्यासारखे होई; तो हक्क घरच्यांचा किंवा फार जवळच्यांचा. हातातली टोपी म्हणजे 'थोड्या वेळाने निघतो'. शतकाच्या शेवटाला ही रीत ढिली पडली, पण १८५० ते १८८०च्या दृश्यात ती पाळा.

आत येताना टोपी डाव्या हातात, म्हणजे उजवा हस्तांदोलनाला मोकळा. बसल्यावर टोपी गुडघ्यावर किंवा खुर्चीशेजारी जमिनीवर. टेबल, पियानो, कोच, दुसरी खुर्ची, यांपैकी कशावरही नाही. नवख्या नटाला या टोपीचे काय करावे कळत नाही आणि तो ती फिरवत बसतो. त्याला हे सांगा की पात्राची अस्वस्थता दाखवायला हातातली टोपी उत्तम साधन आहे, पण फक्त एकदा. प्रियकराची टोपी एकाच वेळी बोटांत फिरावी, दहा वेळा नाही.

यजमानीणबाईंनी जेवायला किंवा आणखी बसायला आग्रह केला, की नोकर टोपी घेऊन जातो. या क्षणाला नात्याची पायरी बदलते. संहितेत तसा बदल असेल तर टोपी हातातून जाण्याचा क्षण ठळक होऊ द्या.

रात्रीच्या जेवणाला टोपी दारातच राहते. नाच आणि नाटकाला स्प्रिंगची दुमडणारी टोपी येते. फ्रान्सच्या आंत्वान जिब्यूस यांच्या नावावरून तिला जिब्यूस म्हणत. ती चपटी करून काखेत धरता येते आणि उघडताना 'टप्' असा आवाज होतो. शांत संवादाच्या वेळी नटाने ती उघडली तर वाक्य मारले जाते, म्हणून उघडण्याची जागा संहितेतच लिहून ठेवा. काखेत धरताना माथा बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर अस्तर दिसत राहते.

छताखाली टोपी राहते ती ठिकाणे

छताखाली गेले की टोपी काढायची, असा सरसकट नियम नव्हता. क्लबात, बँकेत, शेअर बाजारात पुरुष टोपी घालून वावरत. सर्वांत ठसठशीत उदाहरण ब्रिटिश संसदेतल्या कॉमन्स सभागृहाचे: सभासद बसलेला असताना टोपी डोक्यावर, बोलायला उठला की टोपी हातात. मतविभागणी चालू असताना हरकतीचा मुद्दा मांडायचा असेल तर मात्र बसूनच आणि टोपी घालूनच बोलावे लागे. ही शेवटची रीत १९९८ पर्यंत टिकली, त्यासाठी सभागृहात दुमडणाऱ्या टोप्या ठेवलेल्या असत. दादाभाई नौरोजी १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले ते याच सभागृहात. त्याच निवडणुकीत कीर हार्डी हे कामगारांचे नेते रेशमी टोपीऐवजी साधी कापडी टोपी घालून आले आणि त्यावरून गदारोळ झाला. त्या सभागृहाचा प्रवेश लिहिणाऱ्याने या सगळ्याचा उपयोग करून घ्यावा.

चर्चमध्ये पुरुषांची टोपी दाराशीच उतरते, बायकांचे डोके झाकलेले राहते. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या प्रसंगातही हेच. ज्यूंच्या प्रार्थनास्थळात पुरुषांचे डोके झाकलेले हवे. रस्त्याने प्रेतयात्रा गेली की इंग्रज थांबून टोपी काढतो.

बायकांचे शिरोभूषण

थोडक्यात सांगायचे तर बाईने टोपी काढायची नाही. हनुवटीखाली फितीने बांधलेली बॉनेट शतकाच्या पहिल्या दोन-तृतीयांश काळात सर्रास होती. ती बांधायला वेळ लागे, केसांच्या रचनेशी जोडलेली असे, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या भेटीला आलेली बाई ती काढत नाही. घरातल्या यजमानीणबाईंच्या डोक्यावर, त्या विवाहित असतील तर, पांढरी लेसची घरगुती टोपी असते. म्हणजे खोलीत पाहुणी कोण आणि घरची कोण, हे डोक्यावरूनच कळते. १८७०च्या सुमाराला छोट्या टोप्या कपाळाकडे झुकतात, १८९०च्या दशकात त्या मोठ्या होतात आणि लांब टाचण्यांनी आंबाड्यात रोवल्या जातात. विगवर टाचणी रोवताना ती विगच्या जाळीतून पलीकडे काढून परत टोपीत घ्या, नुसती केसांत खुपसलेली टाचणी दुसऱ्या हालचालीला सुटते.

आपल्या बाजूने एक चूक फार दिसते. पेशवाईनंतरच्या पुण्यातल्या सगळ्या बायका डोक्यावर पदर घेतलेल्या दाखवतात. ब्राह्मण सवाष्ण डोक्यावर पदर घेत नसे. खोपा आणि त्यातली फुले दिसत. डोक्यावर पदर असे तो प्रतिष्ठित मराठा घराण्यांतल्या बायकांच्या, आणि केशवपन केलेल्या विधवेच्या. सवाष्णीच्या डोक्यावर पदर दिला तर त्या घराची ओळखच बदलून जाते.

पगडी, पागोटे, रुमाल

पगडी बांधलेली, शिवून पक्की केलेली असते. ती बांधणारे पगडबंद हे स्वतंत्र कारागीर. पागोटे आणि फेटा डोक्यावरच गुंडाळायचा. ब्राह्मणाची पगडी, पाठारे प्रभूंची, गुजराती वाण्याची, पारशाची, प्रत्येक वेगळी आणि दुरून ओळखू येणारी. १८५० आणि ६०च्या दशकांत विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांची छायाचित्रे घेतली, ती संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर सापडतात. वेषभूषाकाराने बाजारातली 'पुणेरी पगडी' सगळ्यांना वाटण्याआधी ती पाहावीत.

पगडी बाहेर जाताना, कचेरीत, सभेत आणि पाहुण्यांसमोर. अनपेक्षित पाहुणा आला तर यजमान घाईने खुंटीवरची पगडी डोक्यावर ठेवतो आणि मग बाहेर येतो. बोडक्याने स्वागत करणे हा पाहुण्याचा अनादर. जेवताना, पूजेला, सोवळ्यात डोके उघडे. पगडी दोन्ही हातांनी, पुढून आणि मागून धरून उतरवायची आणि खुंटीवर किंवा चौरंगावर ठेवायची, जमिनीवर कधीही नाही.

इथे केसांचा प्रश्न येतो. पगडीखाली डोके तासलेले असते, फक्त घेरा आणि शेंडी. नटाचे केस आजचे असतील तर पगडी उतरवण्याचा प्रसंग लिहूच नका, किंवा टक्कल-विगची तयारी ठेवा. कानांवर आलेले केस पगडीतून डोकावले की प्रेक्षकाला दुसरे काही दिसत नाही. पगडी सैल असेल तर आत फोमचा पट्टा मागच्या बाजूला लावा. पुढे लावला तर पगडी मागे सरकते.

दुसऱ्याच्या पायांवर पगडी ठेवणे म्हणजे सर्वस्व शरण जाणे. दुसऱ्याची पगडी पाडणे म्हणजे त्याची अब्रू घेणे. बापाचे उत्तरकार्य करणारा मुलगा उघड्या, मुंडन केलेल्या डोक्याने असतो. आपल्या समाजात उघड्या डोक्याचे जाहीर अर्थ हे असे आहेत. म्हणून साहेबासमोर पगडी काढू नये.

दोन्ही रीती एका खोलीत

कलेक्टरच्या कचेरीचे दृश्य असे बसवा. साहेब टेबलामागे, उघड्या डोक्याने, पायांत बूट. सोला टोपी मागच्या खुंटीवर. रावसाहेब दाराशी जोडा काढतात, पगडी ठीक करतात, आत येऊन वाकून सलाम किंवा नमस्कार करतात. हात मिळवायचा की नाही हे साहेब ठरवतो, आणि बहुतेक वेळा तो मिळवत नाही. रावसाहेबांना खुर्ची मिळते की उभे राहावे लागते, यावर त्यांची पत दिसते.

पात्राच्या पायांत विलायती बूट-मोजे असतील तर चित्र बदलते. १८५४ साली सरकारने बंगालपुरते असे ठरवले, की युरोपीय बूट-मोजे वापरणाऱ्या देशी गृहस्थांना सरकारी प्रसंगी ते घालून येता येईल. देशी जोडा मात्र काढायचाच. हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी यांनी जोडे काढायला नकार दिला आणि वर्तमानपत्रांतून त्याची मोठी चर्चा झाली. त्यामुळे तुमच्या पात्राच्या पायांत काय आहे हे ठरवल्याशिवाय दाराशी काय घडते ते लिहिता येत नाही. कोल्हापुरी किंवा पुणेरी जोडा असेल तर तो दाराबाहेर. काळे बूट असतील तर तो आत येतो, आणि शिपाई त्याला अडवतो की नाही हे नाट्य तुमच्या हाती.

उलटा प्रसंग, साहेब वाड्यावर आला. तो आत येताना सवयीने टोपी काढतो. यजमान पगडी घालून सामोरे येतात. दोघेही मान देत आहेत आणि दोघांची डोकी उलट स्थितीत आहेत. खरी अडचण बुटांची: साहेब बूट काढणार नाही, म्हणून बैठक माजघरात नाही, ओसरीवर किंवा दिवाणखान्यात, जिथे खुर्ची मांडता येते. साहेबाची टोपी नोकराच्या हाती द्यायची की स्वतःकडे ठेवायची याचा निर्णय आधी करा, नाहीतर हार, अत्तर, गुलाबपाणी आणि विड्याच्या वेळी त्याचे हात मोकळे नसतात. हार घालताना टोपी डोक्यावर असेल तर हार कडेला अडकतो. टोपी डाव्या हातात द्या, हार घालून होऊ द्या, मग विडा उजव्या हातात.

पारशी गृहस्थ या प्रसंगात असेल तर तो डोके कधीच उघडे करत नाही, प्रार्थनेतही ते झाकलेले लागते. न्यायालयात देशी वकील पगडी घालूनच उभे राहत. न्यायमूर्ती रानडे यांची न्यायाधीशाच्या पदावरची चित्रेही पगडीतलीच आहेत.

वेष जाणूनबुजून बदलणारी माणसेही होती, आणि त्यांना रंगवताना नियम माहीत असणे जास्तच गरजेचे. १८७७च्या दिल्ली दरबाराला सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, स्वदेशी खादीच्या पोशाखात गेले. १८८८ साली ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानासाठी पुण्यात झालेल्या समारंभाला महात्मा फुले गरीब शेतकऱ्याच्या वेषात हजर राहिले. आजूबाजूचे सगळे जण भरजरी पगड्या-पागोट्यांत असतील, तरच फुल्यांचा तो वेष प्रेक्षकाच्या अंगावर येतो. म्हणून अशा दृश्यात आधी गर्दीचा पोशाख काटेकोर करा.

टोप्या जपताना

रेशमी टोपी मऊ ब्रशने लवेच्या दिशेनेच झाडा. दिशा कळत नसेल तर बोट हलके फिरवा: एका बाजूला गुळगुळीत लागेल, दुसऱ्या बाजूला खरखरीत. चमक आणायला शेवटी मखमलीच्या तुकड्याने पुसा, तेल-पाणी नको. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून पेट्या भर उन्हात टेम्पोत ठेवल्या की कडा लोंबतात. हेच मंचाच्या दिव्यांखाली ठेवलेल्या टोपीचे होते. पोचा आला तर किटलीची वाफ आतून क्षणभर द्या, हाताने आकार सारखा करा आणि पूर्ण गार होईपर्यंत धरून ठेवा.

हा वाफेचा उपाय जुन्या नमद्याच्या टोप्यांवर करू नका. त्या काळी नमदा तयार करताना पाऱ्याचे क्षार वापरत, कारागिरांचे हात त्यानेच थरथरू लागत, आणि जुन्या टोप्यांत पारा आजही सापडतो. अशी टोपी कोणाच्या घरातून मिळाली तर ती नटाच्या डोक्यावर देऊ नका. हातमोजे घालून हाताळा, आम्लविरहित कागदात गुंडाळून वेगळ्या खोक्यात ठेवा आणि तिचे माप घेऊन प्रतिकृती करा.

टोप्या आणि पगड्या एकाच पेटीत ठेवायच्या नाहीत. टोपी नेहमी माथ्यावर, उलटी ठेवा, कडेवर नाही. कडेवर ठेवल्याने वळलेल्या बाजू महिन्याभरात सपाट होतात. पगडी लाकडी किंवा कापडी गोळ्यावर ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्या, नाहीतर आतल्या थरांना बुरशी धरते आणि तो वास पुढच्या प्रयोगापर्यंत जात नाही.